जिन्यातलं वाक्य

१२ जानेवारी

राजे,

'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं तर माझं मलाच हसू आलं. म्हणून सरळ राजे. निदान ते नाव तरी मी दिलेलं आहे, त्यावर माझा हक्क आहे.

अकरा महिन्यांत तुझ्याकडून आलेली पहिली वस्तू म्हणजे हा वकिलाचा लिफाफा. आत घटस्फोटाचे कागद आणि पाच ठिकाणी चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. 'येथे सही करावी.' आयुष्यभर मी विंगेतून नटांना कुठे काय बोलायचं ते दाखवलं, आता एक परका माणूस मला दाखवतोय कुठे काय करायचं. करावं तसं भरावं, दुसरं काय.

सही करीन. घाबरू नकोस, अडून बसणार नाही. रडते, पण ते तुला कळवायची गरज नाही. त्याआधी मला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारायची तर सगळं पहिल्यापासून लिहावं लागेल, कारण विसरण्यात तू पहिल्यापासून पटाईत. तू विसरत होतास म्हणून तर माझी चूल पेटत होती.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या राजाच्या नाटकाची तालीम. दुपारची सुट्टी झाली होती आणि आपण दोघं थिएटरच्या मागच्या जिन्यात बसलो होतो. बागेच्या भिंतीचा रंगवलेला नेपथ्याचा फ्लॅट तिथे टेकवून ठेवला होता, त्याला सरसाचा वास मारत होता. राजाचे बूट चावत होते म्हणून तू एक बूट काढून मांडीवर घेतला होतास. आपलं जमून चार महिने झाले होते. तुला त्या फिरत्या कंपनीचं बोलावणं आलं होतं, दोन वर्षांचा दौरा. तू बुटाकडे बघत म्हणालास, "मी सोमवारी निघतोय. मला वाटतं, आपण आता..."

आणि थांबलास.

मी म्हणाले, "लग्न करावं."

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "लग्न करावं." विंगेतून आलेलं वाक्य नट उचलतो ना, अगदी तसं. त्याच पट्टीत, त्याच लयीत. महिन्याची नोटीस सरली आणि आपण रजिस्टरात सह्या करून आलो. दौरा तू सोडलास.

राजे, मी ते सवयीनं बोलून गेले. समोरचा अडखळला की माझ्या तोंडातून पुढचं वाक्य निघतं, शिंकेसारखं. पगारच त्याचा होता. प्रॉम्प्टरकडून अशा चुका होतात. लग्नानंतर वर्षभरानं त्या कोर्टाच्या नाटकात नाही का झाली? तू निकाल ऐकून मुद्दाम थांबला होतास, आणि मला वाटलं विसरलास, म्हणून मी विंगेतून वाक्य फेकलं. अख्ख्या पहिल्या रांगेला ऐकू गेलं. दोन दिवस तू माझ्याशी बोलला नव्हतास.

तर प्रश्न एवढाच. त्या जिन्यात तुझं वाक्य काय होतं? 'आपण आता' याच्या पुढचं. मी मधे बोलले नसते तर काय म्हणणार होतास?

एवढं कळव. पाच काय, पन्नास सह्या करते.

— पुस्तक

(हे नाव तू दिलेलं. हातात सतत संहिता, म्हणून. 'ए पुस्तक, चहा.' ते तरी आठवतं ना?)


२ फेब्रुवारी

राजे,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

धाकटी आणि तुझा साडू तुझ्या गावाला जाऊन आले. म्हणे दातांच्या डॉक्टरांची परिषद होती. मला काय कळत नाही का? ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माझी बहीण कच्ची आहे. आल्या आल्या सांगायला लागली, परिषदेत काय झालं ते एका वाक्यात आणि तुझ्याकडच्या जेवणाचं दीड तास.

तर मला सगळं कळलंय. तू जिच्याबरोबर राहतोस ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. वयानं आपल्याएवढीच. दिसायला, धाकटीच्या शब्दांत, "अगं, काहीच नाही गं, साधी आहे." बहिणीचं प्रेम ते. आणि ती अडखळत बोलते. लहानपणापासून. एकेका अक्षरावर गाडी अडते तिची.

साडूनं जेवताना तिला विचारलं, तुमचं दुकान किती जुनं आहे. ती म्हणे 'ए... ए...' वर अडकली. साडूचा धीर सुटला, तो म्हणाला, "एकोणीस? एकवीस?" तेव्हा तू त्याच्या हातावर हात ठेवलास.  आणि तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत चमचा हातात धरून नुसता बसून राहिलास.

धाकटी हे सांगताना रडत होती. मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

माझ्यापेक्षा तरणी, देखणी बाई असती तर मी तुला चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तेवढी तयारी मी करून ठेवली होती. पण अशी बाई शोधलीस की जिच्या वाक्याची वाट बघावी लागते. यावर काय शिवी देऊ सांग.

तू गेलास त्या सकाळची गोष्ट अजून मी कुणाला नीट सांगितलेली नाही. धाकटीला सांगितलं की भांडण झालं. कुठलं भांडण! तू टेबलाशी बसला होतास. म्हणालास, "मला..." मी म्हणाले, "पाणी?" तू म्हणालास, "नाही, मला जरा..." मी म्हणाले, "पुन्हा डोकं का? तरी मी म्हणत होते चष्म्याचा नंबर बघून घे." तू म्हणालास, "ऐकून तर घे, मी..." मी म्हणाले, "ऐकतेय की, बोल ना, तालीम आहे का उशिरापर्यंत?" तू हसलास. मला वाटलं, बरोबर ओळखलं मी. मग मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर साखरेच्या डब्याखाली चिठ्ठी. 'मला जायचंय. लिहून ठेवतोय म्हणजे वाक्य पूर्ण होईल.'

त्या डब्यात साखर संपली की मी भरते. चिठ्ठी अजून खालीच आहे, ओल लागून तळाला चिकटलीय.

चष्म्याचा नंबर तू बघून घेतलास म्हणायचं. माझंच ऐकलंस आणि माझंच वाटोळं झालं.

उत्तर दे रे. एका ओळीचं काम आहे.

— पुस्तक


१९ फेब्रुवारी

राजे,

कार्ड मिळालं. अक्षर तेच, कोंबडीनं मातीत पाय घासावेत तसं.

'खरंच आठवत नाही. पण तू दिलेलं वाक्य चांगलं होतं. सव्वीस वर्षं चाललं. गुरुवारी सहा तारखेला तीन वाजता येतो, कागद आणि माझा जाड कोट न्यायला.'

चांगलं होतं म्हणे! चाललं म्हणे! अरे, मी काय नाटक लिहून दिलं होतं? प्रयोग संपला, कपडे उतरवा, पेटीत भरा, झालं? माझ्या केसांचा रंग गेला त्यात. मूल होत नाही म्हणून डॉक्टरांचे उंबरठे झिजवले त्यात. तुझ्या आईचं अंथरूण मी काढलं त्यात. आणि हा वर मला समीक्षा लिहून पाठवतोय.

कार्ड घेऊन मी तडक मेकअपदादांकडे गेले. तू गेल्यापासून त्यांच्याकडेच काय ते जाते. थिएटरमध्ये माझं आता काम उरलेलं नाही, तुला कळलं असेल. नव्या दिग्दर्शकानं सगळ्या नटांच्या कानात ते बोंडाएवढं यंत्र बसवलंय. शब्द थेट कानात येतो, आणि देतं कोण, तर काचेच्या खोलीत बसलेली एक पोरगी, एका हातानं मोबाइल चाळत. विंगेतलं माझं स्टूल नाटकाचं सामान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्यानं नेलं. परवा बघते तर न्यायाधीशाच्या शिपायाला बसायला दिलंय. म्हटलं चला, निदान स्टूल तरी स्टेजवर पोचलं.

मेकअपदादा पुसट झाले आहेत. लाइटवाले गेल्याला परवा दीड वर्ष झालं. तीस वर्षं दोघं एका घरात राहिले, आणि आपण सगळे काय म्हणायचो? 'भावाभावांसारखे आहेत.' दोन खोल्या, एक पलंग, आणि तरी आपण म्हणायचो भावाभावांसारखे. लाइटवाले गेले तेव्हा लोक दादांना भेटायला आले आणि म्हणाले, 'मित्र गेला तुमचा.' दादा मला म्हणाले, "बायको गेली असती तर निदान नीट रडू दिलं असतं."

कार्ड वाचून दादांनी ते उलटं करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "आमचं बरं होतं गं. आमच्या नात्याला कुणाकडे शब्दच नव्हता. म्हणून कुणी आम्हाला चुकीचा शब्द दिला नाही."

मी म्हणाले, "म्हणजे मी चुकीचा दिला असं म्हणायचंय तुम्हाला."

"मी तसं म्हटलं नाही."

"पण म्हणणार होतात."

"हे बघ," दादा म्हणाले, "हेच. मी काय म्हणणार होतो ते तुला मी म्हणायच्या आधी ठाऊक असतं."

मला राग आला, पण त्यांचं घर, त्यांचा चहा, काय बोलणार. घरी येताना मी रस्ताभर जोडप्यांकडे बघत आले. धाकटी आणि साडू दिवसरात्र भांडतात, कपबशीवरून भांडतात, पण दुपारी एकच्या ठोक्याला साडूचा फोन येतो, 'जेवलीस का?' आणि जेवली नसेल तर त्यावरून भांडतात. आपली नायिका, ती महाराणी, दर नाटकाला नव्या नायकाच्या प्रेमात पडते, शेवटच्या प्रयोगाला हमसून रडते, आणि पुढच्या तालमीत पुन्हा ताजीतवानी. तिचंही प्रेमच आहे, मी बघितलंय, ती खोटं रडत नाही. सगळ्यांचं काहीतरी आहे. आपलं काय होतं? एक माणूस उजेडात उभा राहून बोलायचा आणि एक बाई अंधारातून त्याला सांगायची काय बोल. बाकी काही होतं का रे? मला खरंच विचारायचंय. मला वेगळं काढलं तर तुझ्यात तू किती होतास आणि मी किती?

आठवत नाही म्हणतोस ते मला पटत नाही. पण ठीक आहे. ये गुरुवारी.

— पुस्तक


२७ फेब्रुवारी

राजे,

तू यायच्या आधी हे पोचायला हवं म्हणून आज टाकते.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलंय. म्हणजे खोटं एकच आहे, पण सगळं त्याच्यावरच उभं आहे.

कोर्टाच्या नाटकातली ती चूक आपल्या लग्नानंतर झालेली नाही. आधी झाली. जिन्यातल्या त्या दुपारच्या सहा आठवडे आधी. तू तारखा विसरतोस हे धरून मी ती पुढे सरकवली. आता कशासाठी सरकवली ते लिहिते, आणि मधेच पेन खाली ठेवलं तर पुन्हा उचलणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

त्या चुकीनंतर मास्तरांनी मला बोलावलं होतं. तुला मास्तर आठवतात ना, ज्यांनी मला हे काम शिकवलं, ते नाकात तपकीर ओढायचे. मला वाटलं आता हाकलणार. पण त्यांनी मला तुझ्या समोर, पहिल्या रांगेत बसवलं आणि तुझी अख्खी तालीम बघायला लावली. म्हणाले, पुस्तकात बघू नकोस, त्याच्या गळ्यात बघ. नट मुद्दाम थांबतो तेव्हा त्याचा श्वास पोटात असतो, गळा स्वस्थ असतो. नट विसरतो तेव्हा गळ्यातली घाटी, तो कंठमणी, वर जाते, अंग टाचेवर येतं आणि डोळे विंगेकडे वळतात. पहिल्याला हात लावायचा नाही, ती त्याची कमाई आहे. दुसऱ्याला लगेच वाक्य द्यायचं. आणि एकदा वेळ गेली की गप्प बसायचं, कारण उशिरा दिलेलं वाक्य नटाच्या उपयोगाचं नसतं, ते फक्त प्रेक्षकांना ऐकू जातं.

चार दिवस मी तुझा गळा बघितला. पाचव्या दिवसापासून आजवर माझी एकही चूक झाली नाही. तुझा प्रत्येक थांबा मी संहितेत लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवला होता. तुला वाटायचं मी तुझे शब्द पाठ करते. शब्द तर छापलेलेच असतात. मी तुझी गप्प बसण्याची ठिकाणं पाठ केली होती.

त्या जिन्यात तू थांबलास तेव्हा मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते. बूट मांडीवर, मान खाली. घाटी हलली नाही. डोळे माझ्याकडे वळले नाहीत. तू विसरला नव्हतास. तुला वाक्य पाठ होतं, आणि ते बोलायच्या आधी मला ऐकायला सोपं जावं म्हणून तू जरा थांबला होतास, एवढंच.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. पुढचं वाक्य काय आहे तेही कळलं. 'आपण आता हे संपवू.' किंवा 'आपण आता आपापल्या वाटेनं जाऊ.' काहीतरी असंच. तुझ्या तोंडून ते निघालं असतं तर माझ्याच्यानं ऐकवलं नसतं. म्हणून मी माझं घुसडलं. सवय कसली आणि शिंक कसली! जाणूनबुजून केलं. आणि तू नट. विंगेतून आलेलं वाक्य उचलायचं हे तुझ्या हाडात. तू उचललंस.

मग ते तोंडून गेल्यावर तुला वाटलं असेल, अरे, हेच माझं वाक्य होतं. सव्वीस वर्षं वाटलं असेल. मला एक दिवस वाटलं नाही. तू माझ्यावर प्रेमानं हात टाकायचास तेव्हा मनात यायचं, हा हात माझ्या वाक्याचा आहे. म्हणून मग मी तुला थांबूच दिलं नाही कधी. जेवताना, चालताना, भांडताना. तू जरा थांबलास की मला वाटायचं, आता बोलतो, आता ते जुनं वाक्य बोलतो. मी लगेच काहीतरी द्यायचे. पाणी, डोकं, चष्मा.

चोर तो चोर आणि वर शिरजोर. तुलाच विचारत बसले तुझं वाक्य काय होतं म्हणून. मला ते तुझ्याकडून ऐकायचं होतं, म्हणजे एकदाची शिक्षा होऊन मोकळी झाले असते. आणि तू तर तेही विसरलास. माझ्याच वाक्याखाली दबून मेलं ते.

गुरुवारी ये. तुझा कोट मी उन्हात टाकून ठेवलाय. आणि एक कबूल करते, मी एक अक्षर बोलणार नाही. तुला जे बोलायचं असेल ते बोल, जितका वेळ लागेल तितका घे. मी मधे येणार नाही.

मेकअपदादांबरोबर सराव चालू आहे. ते समोर बसतात, म्हणतात, "आज मला जरा..." आणि थांबतात. पहिल्या दिवशी मी चार सेकंदांत "अडुळसा घ्या" म्हणून मोकळी झाले. दादा इतके हसले की खोकल्याची उबळच आली. लाइटवाले गेल्यापासून पहिल्यांदा हसले. काल मी वीसपर्यंत गेले. तोंडात रुमाल धरावा लागला, पण गेले.

— पुस्तक


९ मार्च

राजे,

सोबत पाचवा कागद आहे. सही केलेला. गुरुवारी मी तुला चारच सह्या करून दिल्या होत्या. पाचवी चुकून राहिली नव्हती, मीच तो कागद चिठ्ठीसकट काढून ठेवला होता. वाटलं, तू घरी जाऊन मोजशील, पुन्हा यावं लागेल. आता त्याची गरज नाही.

तू आलास तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती. वाळलायस. कोट अंगावर घातलास तर खांद्यातून उतरला. मी म्हणणार होते की तिला सांग खांदे आत घ्यायला, पण कबूल केलं होतं, तोंडाला कुलूप. तू विचारलंस, "बरी आहेस?" मी मान हलवली. तू म्हणालास, "पत्र वाचलं." मी मान हलवली. तू म्हणालास, "मला वाटतं मला ते तेव्हाही माहीत होतं."

आणि मग खिडकीकडे बघत म्हणालास, "पण मला उचलायचं होतं म्हणून मी उचललं. नको असतं तर सोडून दिलं असतं. इतका काही मी वाईट नट नव्हतो."

राजे, सव्वीस वर्षांत मला कुणी यापेक्षा गोड काही म्हटलेलं नाही. मला खुर्चीतून उठून तुझ्या गळ्यात पडायचं होतं. पण मी नुसती बसले. उठले असते तर बोलले असते. बोलले असते तर थांबले नसते.

तू कागद घेतलेस. कोटाची बटणं लावलीस, एक घर सोडून लावलीस, नेहमीसारखी. दारापर्यंत गेलास. कडीवर हात ठेवलास आणि वळलास. म्हणालास, "मी..."

आणि थांबलास.

मी तुझ्या गळ्याकडे बघितलं. दुसरीकडे कुठे बघणार, जन्म तिथेच बघण्यात गेला. घाटी वर गेली. अंग टाचेवर आलं. आणि तुझे डोळे डावीकडे वळले, जिथे मी विंगेत असायचे, आणि तिथे भिंत दिसली म्हणून परत फिरून माझ्या तोंडावर आले.

तू मुद्दाम थांबला नव्हतास. तुला वाक्य हवं होतं. तुझं तुला सापडत नव्हतं आणि तू मला मागत होतास. इतकी वर्षं तुझ्या समोर काढून मी याच्यात चुकणार नाही. आंधळ्या माणसालाही कळलं असतं.

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तीन शब्दांचं. मी दात आवळून धरले.

आता खरं लिहायची सवय लागलीय म्हणून लिहिते. कबूल केलं होतं म्हणून मी गप्प बसले, हे अर्धं खरं. उरलेल्या अर्ध्यात ती काचा घासणारी बाई होती. मला वाटलं, तिच्यासाठी चमचा धरून बसतोस ना, घे, आता माझंही गप्प बसणं बघ. मला दाखवायचं होतं की मलाही येतं. आलं. अकरापर्यंत मोजलं मी. कधी नव्हे ते इतकं छान जमलं की शेवटी तुझ्याच चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. दिवा हळूहळू मंद करतात तसं.

मग तू म्हणालास, "येतो." सगळेच म्हणतात तसं.

मी खिडकीशी गेले. तू खालच्या पायरीवर उभा होतास, कागद छातीशी धरून. बराच वेळ होतास. एकदा वर बघितलंस. मी पडद्यामागे होते, सवयीनं. मग बस आली.

मेकअपदादांनी सगळं ऐकून चष्मा पुसला. मग म्हणाले, "लाइटवाले गेले त्या सकाळी मला म्हणाले होते, खिडकी उघड. मी म्हटलं, गार वारा आहे, उगाच कशाला. आता रोज उघडतो." आणि उठून चहा टाकला. आम्ही दोघं तो प्यायलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

धाकटी सांगते की तू कागद वकिलाकडे देऊन टाकलेस, आणि वकिलानं एक सही कमी आहे म्हणून ओरडा केला. तू त्याला म्हणालास, 'पाठवील ती.' बरोबर आहे. पाठवलीच. याही वेळेला तुझं वाक्य मीच पूर्ण केलं.

आता मला सांग, मी केव्हा चुकले? तुला वाक्य नको होतं तेव्हा मी दिलं, त्याचं तू लग्न केलंस. तुला हवं होतं तेव्हा दिलं नाही, त्याचा तू घटस्फोट केलास. मास्तरांनी शिकवलेलं सगळं मला पाठ होतं आणि दोन्ही वेळा मी ते ओळखून उलटं केलं. यापुढे कुणी माझ्यासमोर थांबणार नाही. दादा थांबतील, पण तो सराव.

कोटाच्या आतल्या खिशात तुझी खोकल्याची गोळी आहे, जुनी, ती खाऊ नकोस. खांदे आत घेऊन घे.

आणि ते वाक्य. मला ठाऊक आहे, उशिरा दिलेलं नटाच्या उपयोगाचं नसतं. मास्तर असते तर त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं असतं. थिएटर रिकामं आहे, तू बसमध्ये बसून गेलायस, ऐकायला पहिली रांगसुद्धा नाही. तरी देते. तू म्हणालास, "मी..." आणि मी विंगेतून, अगदी हळू, तुलाच ऐकू जाईल असं:

"बसू का जरा?"

— पुस्तक